वाडगा की झाडू?

मैत्रिणीला बसून ध्यान जमत नाही. झेन या बौद्ध ध्यानपंथातल्या गुरूंसारखी रोजच्या वस्तूपासून सुरुवात करायची, तर वाडगा घेऊ की झाडू, असं तिने विचारलं.

खर्च दोन्हींत नाही. 'झेन' म्हणून विकला जाणारा महागडा वाडगा नकोच, घरातला पुरे.

नवा भिक्षू उपदेश मागायला आला, तेव्हा चिनी गुरू जोशूंनी विचारलं, "पेज खाल्लीस?" "हो." "मग वाडगा धू." एवढंच! जपानच्या सोतो या झेन शाखेच्या मठांत आजही ओर्योकीचे, म्हणजे भिक्षूच्या जेवणाच्या संचातले, एकात एक बसणारे वाडगे जेवल्या जागीच गरम पाण्याने धुतात, त्यातलं थोडं पाणी पितातही. काम छोटं, त्याला सुरुवात आणि शेवट आहे. मन भरकटलं की हाताला लगेच कळतं.

झाडूला शेवट नाही, पानं पुन्हा पडतात. वेळ जास्त लागतो, मन भटकायला वावही जास्त. पण झाडताना उडालेला खडा बांबूवर आपटला आणि त्या आवाजाने चिनी झेन भिक्षू श्यांगयेन यांना बोध झाला, ही कथा मला फार प्रिय आहे.

दिवसात पाचच मिनिटं मिळत असतील, तर वाडगा. अंग हलवल्याशिवाय मन बसत नसेल, तर झाडू. मैत्रिणीला मी वाडगाच सुचवला.