आयआरएमधून दिलेली देणगी आणि टॅक्स-एडची मोफत सेवा

अमेरिकेत आयआरए या निवृत्ती खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी, जिला तिकडे 'क्यूसीडी' म्हणतात, वयाची साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी फार फायद्याची असते. घोळ होतो तो विवरणपत्र भरताना. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एएआरपी फाउंडेशनच्या टॅक्स-एड या मोफत सेवेकडून मी २०२४ सालचे विवरणपत्र भरून घेतले, ते मुख्यतः याच कारणासाठी.

खाते सांभाळणाऱ्या कंपनीकडून आलेल्या १०९९-आर फॉर्मवर काढलेली सगळी रक्कम करपात्र असल्यासारखीच दिसत होती आणि त्यातले किती पैसे देणगीत गेले याचा कुठे उल्लेखही नव्हता. समोरच्या स्वयंसेविकेने तो फॉर्म पाहताच, यातले काही थेट एखाद्या संस्थेला गेले आहे का, असे आपणहून विचारले आणि संस्थेचे पोचपत्र मागितले. मग १०४० फॉर्मच्या, म्हणजे मुख्य विवरणपत्राच्या, ४ए ओळीत पूर्ण २०,००० डॉलर, ४बी ओळीत देणगीचे ६,००० वजा करून १४,००० आणि शेजारी 'क्यूसीडी' ही अक्षरे, अशी नोंद तिने केली. हीच देणगी शेड्यूल ए मध्ये, म्हणजे एकेक वजावट मांडायच्या यादीत, पुन्हा दाखवता येत नाही, हेही तिने बजावले. प्रमाणित वजावट, म्हणजे अशी यादी न देता मिळणारी ठरावीक वजावट, घेणाऱ्याला २०२४ साली एरवी देणगीचा करात जवळजवळ काहीच लाभ होत नव्हता. इथे मात्र उत्पन्नच कमी दिसते, त्यामुळे सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतनावरचा कर आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता यांनाही आळा बसू शकतो. शेवटी दुसऱ्या स्वयंसेवकाने सगळे आकडे माझ्यासमोर नव्याने तपासले. पैसे मोजूनही इतकी काळजी सहसा घेतली जात नाही, असे माझे मत आहे.

पोचपत्रात देणगीच्या बदल्यात काहीही मिळाले नसल्याचा उल्लेख आहे ना, हे तिने बारकाईने वाचले. मराठी मंडळाला देणगी देऊन गणेशोत्सवाच्या जेवणाची कूपने घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे, कारण तेवढ्यानेही ही सवलत हातची जाते. गावच्या शाळेला परस्पर पाठवलेले पैसेही यात बसत नाहीत. संस्था अमेरिकी कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली पात्र असावी लागते आणि पैसे खात्यातून थेट तिच्याच नावे जावे लागतात. नोकरीतून मिळणाऱ्या ४०१(के) या निवृत्ती खात्याला ही सोय नाही.

एएआरपीचे सभासदत्व लागत नाही, मात्र बहुतेक ठिकाणी वेळ आधी ठरवावी लागते. स्वयंसेवकांच्या कामाला ठरलेल्या मर्यादा आहेत: भारतातील म्युच्युअल फंडांसाठी लागणारा ८६२१ फॉर्म किंवा परदेशी बँकखात्यांचा एफबीएआर ते भरत नाहीत. ज्यांची पुण्या-मुंबईत अशी गुंतवणूक आहे, त्यांना अनिवासी भारतीयांची कामे करणारा सीपीए, म्हणजे परवानाधारक हिशेबतज्ज्ञच, गाठावा लागेल, आणि त्यालाही देणगीचे पोचपत्र आपणहून दाखवावे लागेल.