बरणीतला आकडा आणि पुदिन्याचा वास: नऊ महिने वापरल्यानंतर

घरच्या कुंड्यांतला पुदिना, तुळस, गवती चहा आणि रोझमेरी वाळवून ठेवण्यासाठी मी गेल्या नऊ महिन्यांत चार वस्तू वापरून पाहिल्या. छताला टांगायची चार मजली जाळी, रबरी कडी लावलेल्या काचेच्या बरण्या, बरणीत मावेल एवढा छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि ओलावा ठराविक पातळीवर ठेवणाऱ्या पुड्या. त्याआधी दोन वर्षं मी विजेवर चालणारं वाळवणयंत्र वापरत होते. सुरुवात त्याच्यापासून करते, कारण माझा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

यंत्रात पुदिना ठेवला की तासाभरात घरभर घमघमाट सुटायचा. पहिल्या खेपेला मी अक्षरशः हरखून गेले होते. सहा तासांत पानं खडखडीत वाळली, रंगही बरा राहिला. महिन्याभराने बरणी उघडली तर आत वाळक्या गवताचा वास. पुढच्या तीन खेपांनाही तेच झालं. घरात दरवळणारा तो वास म्हणजे पानातून निघून जाणारं तेल आहे, हे कळायला मला फार वेळ लागला. पुदिना आणि तुळस यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक ग्रंथींत असतं, वरून एका पातळ पापुद्र्याने झाकलेलं. साध्या भिंगातून पानाची खालची बाजू उजेडात धरून पाहिली तर हे चमकणारे ठिपके दिसतात. मी पाहिले, आणि त्या दिवसापासून पानं हातात चुरगळून ‘वाळली का’ हे बघणं बंद केलं.

पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल २१२ अंश सेल्सिअसला उकळतं, लिमोनीन १७६ ला, मग यंत्रातल्या ४५ अंशांनी काय बिघडणार, असा माझा हिशोब होता. पण उडून जायला उकळी यावी लागत नाही. दोरीवरचे ओले कपडे कुठे उकळतात? तरी वाळतातच. उष्णता वाढवली की पाण्याबरोबर तेलही वेगाने उडतं, आणि यंत्रातला पंखा ते बाहेर फेकत राहतो. शिवाय माझ्या यंत्रावर ३५ अंश लावले तरी सगळ्यात खालच्या ताटावर ठेवलेला साधा थर्मामीटर ४३ दाखवत होता. कंपनीला कळवलं तेव्हा ‘एवढा फरक चालतो’ असं उत्तर आलं. भाज्यांच्या चकत्यांना चालत असेल, पण तुळशीच्या पानाला हा फरक चालत नाही.

आता जाळीबद्दल. ही गोल, झिपवाली, दुमडली की थाळीएवढी होणारी जाळी आहे. अंधाऱ्या खोलीत टांगते, पंखा भिंतीकडे तोंड करून सगळ्यात कमी वेगावर ठेवते, म्हणजे हवा हलते पण झोत थेट पानांवर येत नाही. पुदिन्याला चार-पाच दिवस लागतात, रोझमेरीला आठवडा. वाळताना खोलीत वास येतो, पण जाळीजवळ गेल्यावर, घरभर नाही. माझ्या मते जाळी काम करते आहे याची हीच खूण. दोष दोन आहेत. भार पडला की प्रत्येक मजला मधोमध खाली झोळ धरतो आणि सगळी पानं तिथे गोळा होतात, खालची ओलीच राहतात. मी आता प्रत्येक मजल्यावर पातळ सुती कापड ताणून बसवलं आहे आणि पानं एकाच थरात पसरते. दुसरा दोष झिपचा: सातव्या महिन्यात एका मजल्याची झिप गेली. तिथे कपड्यांचे चिमटे लावून भागवते आहे.

सगळ्या वनस्पतींना एकच पद्धत लागू होत नाही. पुदिना आणि तुळस मी देठासकट ठेवते आणि पानं वाळल्यावर अलगद खुडते. पानं पूर्ण ठेवायची. चुरा ऐन वापरायच्या वेळी करायचा, कारण चुरा केला की त्या ग्रंथी फुटतात. गवती चहाचं तेल पानाच्या आत असतं, त्यामुळे तो घासाघीस जास्त सोसतो, पण कात्रीने बारीक कापून वाळवला तर प्रत्येक कापलेल्या कडेतून वास जातो. त्याचा लिंबासारखा वास म्हणजे सिट्रल, आणि ते हवेत लवकर बिघडतं. मी वीतभर लांबीचे तुकडे ठेवते. रोझमेरी सगळ्यात समजूतदार. तिची पानं जाड, चामड्यासारखी. ती कशीही वाळवली तरी बराच वास धरून ठेवते. तुळस मात्र अजूनही मला पूर्ण साधलेली नाही. ताज्या तुळशीच्या वासातला वरचा, तिखट-हिरवा भाग वाळवताना जातोच, खालचा लवंगेसारखा युजेनॉलचा वास टिकतो. कोणतंही साधन घेतलं तरी ताज्या पानाची बरोबरी होणार नाही, हे धरूनच चालावं.

आता आर्द्रतामापकाबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. दुसऱ्या महिन्यात माझी एक पूर्ण बरणी पुदिना वाया गेला. पानं हाताला कुरकुरीत लागत होती, बोटांत मोडत होती, म्हणून भरली आणि झाकण घट्ट लावलं. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास आणि तळाच्या देठांवर पांढुरकी लव. पान वरून वाळलं होतं, पण देठाच्या गाभ्यात पाणी होतं. बंद बरणीत ते पाणी हळूहळू सगळीकडे पसरलं. त्यानंतर मी मापक घेतला.

त्याचं काम सोपं आहे. बंद बरणीतली हवा आणि पानातला ओलावा काही तासांत एकमेकांशी जुळवून घेतात, मग हवेचा आकडा म्हणजेच पानाची खरी स्थिती. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक बुरशांना वाढता येत नाही. मी बरणी तीन-चतुर्थांश भरते, मापक वर ठेवते, झाकण लावते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा वाचते. तुळशीची एक बरणी अजून लक्षात आहे: रात्री झाकण लावताना ५८, सकाळी ७१. पानं हाताला तशीच कुरकुरीत लागत होती! ती सगळी परत जाळीवर पसरली, दीड दिवसाने पुन्हा भरली, मग आकडा ५२ वर आला आणि तिथेच राहिला. हाताच्या भरवशावर राहिले असते तर तीही बरणी गेली असती.

माझा नेम आता असा आहे की पहिले सात दिवस रोज आकडा वाचायचा. ६० च्या वर गेला तर झाकण तासभर उघडं. ६५ च्या वर गेला तर पानं बाहेर. सलग तीन दिवस ५५ च्या आत राहिला की मापक काढून पुढच्या बरणीत. त्यानंतर विनाकारण झाकण उघडत नाही, कारण दर वेळी उघडताना आत साठलेला वास बाहेर जातो आणि ताजी हवा आत येते. पहिल्या दोन महिन्यांत मी कौतुकाने दिवसातून तीनदा वास घ्यायचे. त्या बरण्या आज सगळ्यात फिक्या आहेत.

मापक घेतल्यावर त्याची परीक्षा नक्की घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थोडंसंच पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, ते आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात आठ ते बारा तास ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेत साधारण खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रता असते, त्यामुळे आकडा ७५ यायला हवा. माझ्या दोन मापकांपैकी एकावर ७० आला, दुसऱ्यावर ७७. पाच टक्के कमी दाखवणारा मापक धोक्याचा, कारण तो ६२ म्हणतो तेव्हा आत ६७ असतात. त्याच्या पाठीवर मी ‘+५’ असं लिहून ठेवलं आहे. फेकून द्यायची गरज पडली नाही, चूक रोज सारखीच करतो.

पुड्यांबद्दल माझं मत बदललं. मी ६२ टक्केवाल्या घेतल्या होत्या. आत क्षारांचं संपृक्त द्रावण आणि बाहेर फक्त वाफेला वाट देणारा कागद, म्हणजे मिठाच्या परीक्षेतलंच तत्त्व. हवा कोरडी झाली तर पुडी ओलावा सोडते, दमट झाली तर शोषते. या पुड्या मुळात सिगारसाठी, आणि जिथे कायद्याची परवानगी आहे तिथे घरच्या गांजाच्या फुलांसाठी विकल्या जातात. तिथे माल थोडा लवचीक राहायला हवा असतो. फार कोरडा झाला तर भुगा होतो आणि वास जातो. पुदिन्याला त्याची गरज नाही. ६२ वर ठेवलेली माझी पानं मऊ पडली, तीन आठवड्यांत रंग तपकिरीकडे झुकला. त्या पुड्या आता नुसत्या पडून आहेत. पावसाळी हवेत मी त्याऐवजी सिलिका जेलची छोटी पिशवी ठेवते. नारिंगी मणी हिरवे झाले की बदलते. पत्तीसाठी तेवढं पुरतं.

बरण्यांविषयी फार सांगण्यासारखं नाही, काच घ्या एवढंच. आधी मी प्लास्टिकचा डबा वापरायचे. तो रिकामा करून साबणाने चार वेळा धुतला, उन्हात ठेवला, तरी दोन महिने त्याला पुदिन्याचा वास येत होता. तो वास माझ्या पानांतलाच होता; प्लास्टिकने शोषून घेतला होता. काचेच्या बाबतीत अडचण उजेडाची. एकाच खेपेची पानं दोन बरण्यांत भरून एक खिडकीत आणि एक बंद कपाटात ठेवली. सहा आठवड्यांनी खिडकीतली फिकट पिवळसर झाली होती आणि गरम पाण्यात टाकल्यावर वास जेमतेम आला. कपाटातल्या बरणीतली दोनच पानं टाकली तर कपावर तोंड नेताच नाकात थंडावा जाणवला.

वजन करायची सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्यावी. पुदिन्याच्या ताज्या पानांत साधारण ८५ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम पानांतली कोरडी वस्तू १५ ग्रॅम, त्यात दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा उरला की सगळी मिळून १७ ग्रॅम भरतात. जाळीवरून काढलेली पानं २२ ग्रॅम भरली तर बरणीत घालून आकडा बघायचीही गरज नाही, परत पसरायची. वजन फक्त पानांचं धरायचं, देठ धरले तर हिशोब चुकतो. यंत्र मी देठांसाठी आणि जाड मुळांसाठी ठेवलं आहे, पानं त्यात घालत नाही.

मापकाची बटणबॅटरी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा बदलावी लागली. बदलल्यावर मिठाची परीक्षा पुन्हा घेतली. आकडा आधीसारखाच ७० आला, म्हणजे पाठीवरचं ‘+५’ अजून बरोबर आहे. तो आता गवती चहाच्या नव्या बरणीत आहे, आज तिसरा दिवस, आकडा ५१.