तांब्याची एकच तार आणि अनुसूचीचे तीन भाग: एका परवाना सल्लागार संस्थेच्या सेवेविषयी

तळोजा औद्योगिक वसाहतीत आमचा तांब्याचे भंगार वितळवून सळ्या ओतण्याचा लहान कारखाना आहे. कित्येक वर्षे आम्ही कुर्ला आणि भिवंडी येथील व्यापाऱ्यांकडूनच माल घेत आलो. परंतु त्या मालाची प्रत दर खेपेस बदलत गेल्याने आणि भावातही फारसे हाती राहीनासे झाल्याने, दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही परदेशातून भंगार थेट मागवण्याचे ठरवले. त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचे काम नवी मुंबईतील एका सल्लागार संस्थेकडे सोपवले. आमचा अनुभव बराचसा चांगला आणि काही ठिकाणी बराच महागात पडलेला असल्याने, आणि एका ग्राहकाच्या अनुभवावरून कोणाच्या व्यवसायाचा निवाडा होऊ नये असे वाटत असल्याने, संस्थेचे नाव येथे देत नाही. अशी सेवा घेताना काय पारखून घ्यावे, एवढ्यापुरताच हा लेख उपयोगी पडावा.

आम्ही गेलो होतो ते अर्ज भरून घेण्यासाठी. सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या आमच्या एजंटाने ‘तांबे म्हणजे तांबे, कागद असले की सुटते’ असे सांगितलेले असल्याने, सल्लागाराचे काम म्हणजे ते कागद जमवून देणे अशीच आमची समजूत होती. पहिल्या बैठकीत मात्र संस्थेच्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञांनी कारखान्याची कागदपत्रे बाजूला ठेवली आणि पुरवठादाराने पाठवलेली मालाची छायाचित्रे मागितली. ती पाहिल्यावर त्यांनी विचारले, “शेठ, ही तार सोललेली आहे की हिच्यावर प्लास्टिक आहे? आणि असेल तर किती?” आम्ही दिलेल्या सगळ्या शुल्कापैकी निम्मे शुल्क त्या एका प्रश्नासाठी दिले असे मी आजही मानतो.

कारण असे की, आपल्याकडे ही आयात ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियमांखाली चालते, आणि त्या नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आपला माल कोणत्या भागात बसतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. उघडे, धातुरूपातले, भुकटी नसलेले तांब्याचे भंगार भाग ड मध्ये येते. त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागत नाही, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कारखाना चालवण्याचे संमतिपत्र व कचरा हाताळण्याचे प्राधिकारपत्र आणि बंदरावर दाखवायची ठरलेली कागदपत्रे पुरतात, आणि फॉर्म सातवर एकदाच घ्यायचे प्राधिकारपत्र असलेला व्यापारीही असा माल प्रत्यक्ष वापरकर्त्यासाठी आणू शकतो. त्याच तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असले की ती भाग ब मध्ये, बी १११५ या नोंदीखाली जाते. मग फक्त प्रत्यक्ष वापरकर्त्यालाच, तेही मंत्रालयाची परवानगी घेऊन, ती आणता येते. आणि त्या वेष्टनात कोल टार, पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही विषारी रसायने), शिसे, कॅडमियम यांसारख्या गोष्टी घातक ठरण्याइतक्या असतील, तर तीच तार भाग अ मधील ए ११९० ठरते, ज्यासाठी आपल्या मंत्रालयाच्या परवानगीबरोबर निर्यात करणाऱ्या देशाची पूर्वसूचित संमतीही, म्हणजे आधी माहिती देऊन घेतलेला होकारही, लागतो. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बेसल या आंतरराष्ट्रीय कराराचे मूळ सूत्रच हे आहे. १९८९ साली झालेला हा करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला. वितळवणाऱ्याच्या लेखी तिन्ही ठिकाणी धातू एकच असतो; नियम मात्र धातूकडे पाहत नाही, त्याच्या अंगावर काय आहे आणि ते काढताना हवेत व मातीत काय जाणार आहे याकडे पाहतो. बी १११५ च्या नोंदीतच उघड्यावर जाळण्यासारख्या अनियंत्रित प्रक्रियेसाठी जाणारा माल वगळलेला आहे. ज्यांनी भंगाराच्या गोदामांमागे संध्याकाळी तार जाळल्याचा वास घेतला आहे, त्यांना ही अट का घातली हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आमचा पुरवठादार माल ‘बर्च-क्लिफ’ म्हणून देऊ करत होता. ही अमेरिकेतील भंगार उद्योगाच्या संघटनेने रूढ केलेली व्यापारी नावे आहेत आणि आपल्याकडचे व्यापारीही तीच वापरतात: बर्च म्हणजे साधारण ९६ टक्के व किमान ९४ टक्के तांबे असलेली दुसऱ्या प्रतीची तार, क्लिफ म्हणजे त्याच प्रतीचे जाड तुकडे, आणि ड्रुइड म्हणजे वेष्टनासह विकली जाणारी तार. पुरवठादाराच्या पत्रात बर्चच्या पुढे ‘किरकोळ वेष्टनासह’ असे दोन शब्द होते, जे आमच्यापैकी कोणीच नीट वाचले नव्हते. सल्लागारांनी गठ्ठे फोडून जवळून काढलेली छायाचित्रे मागवायला लावली. ती आली तेव्हा त्यांत काळ्या आणि लाल वेष्टनाच्या तारांचे वेटोळे इतके होते की, तो माल बर्च म्हणून बंदरावर उतरवला असता तर चुकीच्या वर्णनाचा ठपका अटळ होता. भावात मिळणारी सवलत कुठून येत होती, हेही त्याच वेळी समजले. आम्ही तो सौदा सोडला आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून स्वच्छ, सोललेल्या तारेचा एक कंटेनर मागवला. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा सल्ला मिळाला म्हणून त्याला किंमत होती. माल जहाजावर चढल्यानंतर तोच सल्ला मिळता तर त्याचा उपयोग केवळ वकिलाला झाला असता.

याची दुसरी बाजू किती कठोर आहे हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. परवानगीविना, किंवा कागदांशी न जुळणारा असा माल आला तर ती बेकायदा वाहतूक ठरते आणि भारतात पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत आयातदाराने स्वखर्चाने तो परत पाठवायचा असतो. न्हावा शेवा येथे पडून असलेल्या १३३ कंटेनरांतील तेलाचे उदाहरण त्यांनी दिले: वंगणतेल म्हणून आणलेले ते तेल टाकाऊ व घातक निघाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २००५ रोजी ते आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. ही गोष्ट ग्राहकाला घाबरवून शुल्क वाढवण्यासाठी सांगितली जाते आहे की काय, अशी शंका तेव्हा मनात येऊन गेली होती. शुल्क मात्र आधी सांगितले तेवढेच राहिले.

वेष्टनाची तार कायमची नाकारण्याचा आमचा विचार नव्हता, कारण खरी बचत तिच्यातच होती. तार बारीक कापून तांबे आणि प्लास्टिक कोरड्या पद्धतीने वेगळे करणारे यंत्र आम्ही आधीच घेतले होते. त्यामुळे मंत्रालयाकडे फॉर्म पाचवरील अर्ज करण्याचे काम पुढे सुरू झाले. या अर्जाची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही द्यावी लागते. मंडळाने आपले म्हणणे ३० दिवसांत कळवावे आणि मंत्रालयाने ६० दिवसांत निर्णय घ्यावा अशी नियमातली योजना आहे. अर्जाची तांत्रिक बाजू संस्थेने उत्तम केली. प्रक्रियेचा आराखडा, यंत्राची क्षमता, शंभर किलो तारेमागे किती तांबे आणि किती प्लास्टिक निघणार याचा ताळेबंद, धुळीसाठी बसवलेल्या गाळणीची माहिती, इतकेच नव्हे तर उरलेल्या पीव्हीसीच्या कणांचे काय होणार आणि ते कोण उचलणार, हेही त्यांनी करारासह जोडायला लावले. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सुचलाच नसता. १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने घन प्लास्टिक कचऱ्याची आयात पूर्णपणे बंद केलेली आहे, अगदी विशेष आर्थिक क्षेत्रे आणि निर्यातप्रधान कारखान्यांनासुद्धा. तेव्हा तारेबरोबर येणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब चोख असणे आमच्याच हिताचे होते.

पण येथेच पहिली मोठी चूक झाली. आमच्या संमतिपत्रात कच्चा माल म्हणून ‘तांब्याचे भंगार’ एवढेच लिहिलेले होते. वेष्टनयुक्त तारेचा आणि ती कापण्याच्या प्रक्रियेचा त्यात उल्लेख नव्हता. हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते. अर्ज मार्चमध्ये तयार झाला, त्रुटी लक्षात आली मे महिन्यात, आणि संमतिपत्र व प्राधिकारपत्रात बदल करून घेतल्याशिवाय अर्ज पूर्ण मानला जाणार नव्हता. संस्थेच्या प्रस्तावात ‘अंदाजे दोन महिने’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ते ६० दिवस संपूर्ण अर्ज पोहोचल्यापासून मोजायचे असतात, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. परवानगी हातात आली ती नोव्हेंबरमध्ये. छायाचित्रातील तारेचा रंग पाहून धोका ओळखणाऱ्या माणसांनी समोर ठेवलेले चार पानी संमतिपत्र नीट वाचू नये, याचे आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

दुसरी चूक अधिक टोचली, कारण ती टाळणे अगदी सोपे होते. सोललेल्या तारेचा पहिला कंटेनर फेब्रुवारीत विनासायास सुटला. भाग ड मधील मालासाठी सीमाशुल्क अधिकारी जी कागदपत्रे पाहतात ती आठव्या अनुसूचीत दिलेली आहेत: फॉर्म सहा म्हणजे वाहतुकीचा दस्तऐवज, जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र, चालू संमतिपत्रे व प्राधिकारपत्र, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, आणि मागील आर्थिक वर्षातील आयातीसाठी मंडळाकडे भरलेल्या वार्षिक विवरणपत्राची पोचदार प्रत. पहिल्या खेपेला मागील वर्षाची आयातच नसल्याने हा शेवटचा कागद लागला नाही आणि आम्ही तो विसरून गेलो. फेब्रुवारीतील आयातीचे फॉर्म चारमधील विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरायचे होते. ते भरले गेले नाही. जुलैमध्ये दुसरा कंटेनर आला, पोचदार प्रत मागितली गेली आणि माल कंटेनर स्थानकात ११ दिवस पडून राहिला. जागेचे भाडे आणि जहाज कंपनीचा विलंब आकार मिळून त्या खेपेतला नफा जवळजवळ संपला.

संस्थेला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, वार्षिक विवरणपत्रे त्यांच्या ‘परवानगी’ या सेवेत येत नाहीत, त्यासाठी वेगळा वार्षिक करार असतो. करार काढून पाहिला तर ते खरेच तसे होते. कायद्याच्या दृष्टीने दोष आमचाच, हे मान्य करतो. परंतु जो सल्लागार आयातदाराला आठवी अनुसूची तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्याने जूनमध्ये एक फोन करणे ही वेगळ्या कराराची बाब असू नये. याउलट एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी: अडकलेला माल पाहून त्यांनी विवरणपत्राचे काम त्याच दिवशी हाती घेतले आणि त्याचे पैसे मागितले नाहीत.

शुल्काबाबत सांगायचे तर फॉर्म पाचच्या संपूर्ण कामासाठी आमच्याकडून वस्तू व सेवा कर वगळून १,८०,००० रुपये तीन हप्त्यांत घेतले गेले. शेवटचा हप्ता परवानगी मिळाल्यावर द्यायचा होता, ही अट चांगली होती. भाग ड मधील पहिल्या खेपेच्या मार्गदर्शनाचे ३५,००० रुपये वेगळे होते. माझ्या मते केवळ उघड्या तांब्याचे, ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडाचे भंगार आणणाऱ्या कारखान्याने पहिल्या एक-दोन खेपांनंतर अशा सेवेवर खर्च करण्याचे कारण नाही. आठव्या अनुसूचीची यादी भिंतीवर लावून एक माणूस तिला जबाबदार केला की काम भागते. भाग ब चे तसे नाही. तेथे अर्जाचा ताळेबंद आणि प्रक्रियेचे वर्णन लिहायला अनुभवी हात लागतो.

त्यांच्या निर्यातीच्या कामाचा आम्हाला थेट अनुभव नाही. आमच्या शेजारच्या ई-कचरा कारखान्याने संगणकातील सर्किट बोर्ड बेल्जियममधील धातुशोधन कारखान्याकडे पाठवण्यासाठी याच संस्थेची मदत घेतली. तेथे मंत्रालयाच्या परवानगीबरोबरच त्या देशाची, आणि माल ज्या देशांच्या बंदरांतून जाणार त्यांचीही संमती घ्यावी लागते. बेल्जियमच्या फ्लँडर्स या प्रदेशात ते काम ओव्हाम ही सरकारी संस्था पाहते. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, संस्थेचे युरोपीय यंत्रणांशी चालणारे पत्रव्यवहार नेटके होते. १ जानेवारी २०२५ पासून बेसल करारातील दुरुस्तीमुळे घातक नसलेल्या ई-कचऱ्यालाही ही संमतीची अट लागू झाली, याची सूचना मात्र त्यांना कित्येक महिने आधी आणि न मागता मिळाली होती. म्हणजे आठवण करून देणे या संस्थेला जमत नाही असे नाही.

यंदा आम्ही त्यांच्याशी पुन्हा करार केला आहे. छापील मसुद्याखाली दोन वाक्ये हाताने लिहून घेतली आणि त्यांवर त्यांची सही घेतली: संमतिपत्राची तपासणी पहिल्या हप्त्यापूर्वी लेखी द्यावी, आणि दरवर्षी १ जून रोजी फॉर्म चारची आठवण करावी. या वर्षी ती आठवण २९ मे रोजीच आली.