आईबाबांच्या लॅपटॉपवर मिंट, उबुंटू की डेबियन?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीचे नेहमीचे अपडेट, संपला आणि कितीतरी घरांतले धडधाकट लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसेनात. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली लिनक्स घालताना (मिंट, उबुंटू, डेबियन हे तिचेच प्रकार) मी एकच बघते: सहा महिन्यांनी फोनवर "बाबा, डावीकडे खाली बघा" म्हटलं, तर मेनू तिथेच असेल ना?

लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती (सिनॅमन म्हणजे पडद्यावरची मांडणी) इथे सरस ठरते. मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे, विंडोजवर हात बसलेल्या माणसाला ओळखीचंच. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण माझा जीव जडलाय तो टाइमशिफ्टवर, म्हणजे सिस्टिम आदल्या तारखेच्या स्थितीत परत नेणाऱ्या सोयीवर. एकदा गावी अपडेट चालू असतानाच लाईट गेली. बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप तिथल्या तिथे बंद. पुन्हा लावला तर वाय-फायच सापडेना. फोनवर बाबांना टाइमशिफ्ट उघडायला लावलं, पासवर्ड अक्षर-अक्षर सांगितला, आदल्या दिवसाची तारीख निवडून 'रिस्टोअर' दाबायला सांगितलं. थोड्या वेळाने आवाज आला, "आलं गं वाय-फाय!" मात्र टाइमशिफ्ट आधी स्वतः चालू करून द्यावं लागतं आणि ते फक्त सिस्टिम जपतं. नातवंडांचे फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

उबुंटू २४.०४लाही २०२९पर्यंत आधार आहे. अडचण मांडणीची: अॅपची पट्टी डाव्या कडेला उभी, विंडोजसारखा मेनू नाही. पहिल्यांदाच संगणकाला हात लावणाऱ्याला फरक पडणार नाही, वीस वर्षं विंडोज वापरलेल्याला पडतो.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये आलं. तीन वर्षं नेहमीचा आधार, पुढे दोन वर्षं दीर्घकालीन. मधल्या काळात अॅपच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, म्हणून वर्षातून एकदाच गावी जाणाऱ्याला ते सोयीचं. घालताना डेस्कटॉपची मांडणी सिनॅमन किंवा एक्सएफसीई निवडा. टाइमशिफ्ट वेगळं घालावं लागतं. फेडोरा हा लिनक्सचा आणखी एक प्रकार चांगला असला तरी एका आवृत्तीला आधार जेमतेम १३ महिने, म्हणून घरच्यांसाठी नको.

मराठी टायपिंग तिन्हींत होतं. बाबांची जुनी पत्रं युनिकोडआधीच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरपद्धतीच्या आधीच्या) फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट जुन्या विंडोजमधून आधीच काढून घ्या, नाहीतर 'सप्रेम नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या काकांच्या संगणकाला मात्र हात लावू नका, ते विंडोजवरच राहू दे.

माझ्या आईबाबांकडे मिंटच आहे.