मिली स्मॉल यांच्या निवडक गाण्यांची सीडी

टपालाने मागविलेली ही सीडी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी नऊ दिवसांनी पोहोचली. डबीचे झाकण तडकले होते, परंतु तबकडीवर ओरखडा नव्हता. जमैकातील क्लॅरेंडन भागात जन्मलेल्या या गायिकेला निर्माते ख्रिस ब्लॅकवेल यांनी किशोरवयातच इंग्लंडला नेले आणि १९६४ साली अर्नेस्ट रँग्लिन यांच्या संगीतसंयोजनात मिली यांनी गायिलेले ‘माय बॉय लॉलीपॉप’ ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. हे गाणे स्का या जमैकन संगीतप्रकारातले; स्कामध्ये गिटारचा आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतो. दंडार या आमच्याकडच्या लोककलेतील ढोलकीवर तयार झालेल्या माझ्या कानाला ती जागा लगेच सापडली, आणि त्या आघातांवरून हा उंच, कोवळा, किंचित किनरा आवाज ज्या निर्धास्तपणे पुढे जातो, तो कितीही वेळा ऐकला तरी समाधान होत नाही. ध्वनी स्वच्छ आहे. मात्र इंग्लंडला जाण्यापूर्वी जमैकन गायक रॉय पँटन यांच्यासह गायिलेली युगुलगीते या संचात घेतलेली नाहीत, ही उणीव मला फार जाणवली, कारण १९६४ चे यश ज्या जमैकन तालमीतून घडले, ती तालीम त्या गीतांतच ऐकू येते. सोबतच्या पुस्तिकेत वादकांची नावेही द्यायला हवी होती.