लॉब्स्टर हातमोजे: साठीतली बोटं, इंग्लंडची थंडी आणि ड्युएथलॉन

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते. ऊब झकास, सरावाला डोळे झाकून घ्या. पण हात ओले असले की हे मोजे चढत नाहीत, आणि ड्युएथलॉनमध्ये (आधी धावणं, मग सायकल, परत धावणं) दहा किलोमीटर धावून आल्यावर हात ओलेच असतात.

मी लेस्टरला राहते. वय ६१, म्हणजे शर्यतीत ६० ते ६४ च्या गटात. गुडघे अजून साथ देतात, दमही पुरतो. दगा देतात ती बोटं, कारण मला रेनॉडचा त्रास आहे. थंडीत धडाची ऊब राखायला शरीर हातापायांकडचं रक्त कमी करतं, हे सगळ्यांचंच होतं. माझ्या बोटांतल्या रक्तवाहिन्या मात्र एकदम आवळतात. बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, आणि परत ऊब मिळाली की लाल होऊन ठणकायला लागतात. पाच बोटांचे जाड मोजे वापरून कंटाळले, म्हणून ऑक्टोबरात हे घेतले. किंमत ६० पौंडांच्या आसपास. तर्जनी आणि मधलं बोट एका खणात, अनामिका-करंगळी दुसऱ्या, अंगठा वेगळा. दिसतात खेकड्याच्या नांगीसारखे, नातवंडं हसतात. पण शेजारशेजारची बोटं एकमेकांना ऊब देतात आणि ब्रेक दाबायला दोन बोटं मोकळी राहतात.

बाहेर ३ अंश असताना ताशी ३० किलोमीटरने सायकल हाकली, तर वारा पडलेला असला तरी अंगाला उणे ३ च्या जवळपास जाणवतं. अशा सकाळी रटलँड वॉटर या जलाशयाभोवती दीड-दोन तास फिरून आले तरी घरी किल्ली कुलपात नीट घालता आली. आधीच्या मोज्यांत हे स्वप्नच होतं. (पारा शून्याखाली गेला की मी सायकल बाहेर काढतच नाही. डांबरावरचा न दिसणारा बर्फ या वयात परवडत नाही.)

पावसात ठीक. बाहेरून पाणी झिरपत नाही, पण मनगटातून आत गेलं तर बाहेरही पडत नाही. त्यामुळे पावसात मोज्याचं तोंड जाकिटाच्या बाहीखाली घ्यायचं. अंगठ्यावर टॉवेलचं कापड लावलंय. घाम पुसायला, असं कंपनी म्हणते. खरा उपयोग नाक पुसायला, आणि तो दर पाच मिनिटांनी होतो.

गिअर बदलताना सवय लागते. माझ्या शिमानो कंपनीच्या गिअरला ब्रेकचा दांडा आत ढकलला की एक काम होतं, त्यामागची छोटी पट्टी ढकलली की उलटं. जाड मोज्यात दोन्ही एकदम ढकलले जातात आणि चढावर नको तो गिअर पडतो. महिन्याभरात हात बसला. खाण्याचं मात्र नाही जमलं. एनर्जी जेलचं पाकीट फाडणं अशक्य, चिक्की थंडीत दगड होते. शेवटी खजुराच्या बिया काढून सायकलच्या आडव्या नळीवरच्या छोट्या पिशवीत सुटे ठेवायला लागले; तेवढे चिमटीत येतात.

आता शर्यत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत जागेवर टांगेपर्यंत तो सोडायचा नाही, हा नियम. म्हणजे धावून आल्यावर आधी पट्टा, मग मोजे. परतल्यावर सायकल टांगायची, मोजे काढायचे, मग पट्टा. फेब्रुवारीतल्या एका छोट्या शर्यतीत ओला हात आत घातला तर अस्तर गोळा झालं, आणि हात बाहेर काढला तर बोटांचे खण उलटे होऊन हाताबरोबर बाहेर आले. अस्तर टोकांना शिवलेलंच नाही! ते काडीने परत आत कोंबेपर्यंत माझ्या गटातल्या दोघी सायकलवर बसून गेल्या. टाल्कम पावडर टाकून पाहिली, ओल्या हाताला तिचा चिखल होतो.

चाललं ते एवढंच: धावताना पातळ गुळगुळीत पॉलिस्टरचे मोजे घालायचे, पट्टा त्यांच्यासकट लावायचा आणि हे जाड मोजे त्यांच्यावरूनच चढवायचे. अस्तर पकडत नाही. आतला घाम थोडा गार लागतो, पण ४० किलोमीटरला सुसह्य. शिवाय हेल्मेट बदलून चुंबकी बकलचं घेतलं. बधिर बोटांनी साधं बकल दोन्ही बाजूंनी दाबून सोडवणं हा छळ आहे. मार्चमध्ये रटलँड वॉटरच्या काठी डॅमबस्टर ही ड्युएथलॉन शर्यत होते, १० किलोमीटर धावणं, ४० सायकल, पुन्हा ५ धावणं. तिथे ही जोडी चालली आणि शेवटच्या पाचात बोटं हलत होती.

धुवायला ३० अंशांवर, उलटे न करता. वाळायला अख्खी रात्र लागते आणि रेडिएटरवर टाकायचे नाहीत, आतला जलरोधक थर खराब होतो. तळव्याची शिवण अजून शाबूत आहे.

माप नेहमीपेक्षा एक मोठं घ्या. आत पातळ मोजे मावले पाहिजेत, आणि घट्ट मोज्यात रक्त आणखी अडतं. फक्त सायकल चालवणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेचार. ड्युएथलॉनवाल्यांसाठी तीन, अस्तर शिवेपर्यंत.