महिनाभर परगावी की आठवड्याला एक तास?

आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात कॅन्सरची पोरं येतात, पण त्यांच्यासाठी वेगळा विभाग नाही. मी तिथे वैद्यकीय समाजसेवक आहे. अशा मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं बोलावं, त्यांना कसं सांभाळावं याचं महिनाभराचं निवासी प्रशिक्षण मी आधी एका मोठ्या केंद्रात केलं. दोन वर्षांनी ‘एको’ पद्धतीच्या ऑनलाइन बैठकीत जाऊ लागलो, दर आठवड्याला एक तास; तिथे ठिकठिकाणच्या रुग्णालयांतले लोक आपापल्या केस मांडून एकमेकांकडून शिकतात. हल्ली नव्या सिस्टर, नुकतेच एमएसडब्ल्यू झालेले फोन करतात : व्यवस्थापन एकाचीच परवानगी देतंय, काय घेऊ? दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

निवासीचं आधी सांगतो, कारण तिथे जे मिळालं ते पडद्यावर कधीच मिळालं नसतं. तिथल्या एक वरिष्ठ सिस्टर वयात आलेल्या मुलाशी उभ्याने बोलत नसत. स्टूल ओढून बसायच्या. आईला म्हणायच्या, “काकू, फाइलवर तेवढा शिक्का मारून आणता का?” त्या शिक्क्याची घाई कधीच नसायची. काकू परत येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मुलगा जे बोलायचा ते आठवडाभरात बोललेला नसायचा. वाईट बातमी कशी सांगावी याच्या ‘स्पाइक्स’च्या सहा पायऱ्या मला तोंडपाठ होत्या. रुग्णाला काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा. पण प्रश्न मुलाला विचारला की उत्तर वडील देतात, याचं काय करायचं ते त्या शिक्क्याने शिकवलं.

आणि तिथला चहा. पंधरा वर्षांची एक मुलगी गेली त्या संध्याकाळी ड्युटी बदलल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी कुणालाच लगेच घरी सोडलं नाही. सगळ्यांना चहा दिला. भाषण नाही, काही नाही. कुणी बोललं, कुणी नुसतं बसलं. कर्मचाऱ्यांना आधार म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. ऑनलाइन बैठकीत यातलं काही होत नाही. निम्म्यांचे कॅमेरे बंदच असतात.

मग बिनसलं कुठे? एका वाक्यावर. “हे समुपदेशकांकडे पाठवा.”

परत आल्यावर प्रशिक्षणात लिहिलेली वही उघडली. मुलगा गोळ्या चुकवतो : समुपदेशकांकडे पाठवा. बारावीचं वर्ष बुडतंय : समुपदेशक. घरचे म्हणतात पोरीला सांगू नका, पुढे लग्नाचं अवघड होईल : समुपदेशक. मोजलं तर अकरा ठिकाणी. आमच्याकडे समुपदेशक मीच. आरोग्यमित्र रजेवर असला की जन आरोग्य योजनेचे कागदही मीच बघतो. शिकवणाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे शेजारच्या खोलीत खरंच समुपदेशक बसतात. पण वही मिटली तेव्हा मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

वयाचंही तसंच. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात ‘टीनएज कॅन्सर ट्रस्ट’ने किशोरवयीन मुलांसाठी पहिला वेगळा वॉर्ड १९९० सालीच उघडला. आमच्याकडे मिसरूड फुटलेला मुलगा लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवरच्या सशाच्या चित्राखाली झोपतो आणि त्याचे पाय खाटेबाहेर येतात. मोठ्यांच्या वॉर्डात टाकला तर शेजारी सत्तरीचे आजोबा.

असाच एक सतरा वर्षांचा मुलगा आला. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमो सोमवारी सुरू व्हायची होती. उपचारांनी पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून वीर्य साठवायचं तर पहिल्या डोसच्या आत. हे त्याला सांगायचं कुणी आणि कसं? वहीत काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

शुक्रवारच्या बैठकीत मी नाव न सांगता ही केस मांडली. वैद्यकीय भाग डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितला. खरं उत्तर दिलं ते विदर्भातल्या एका सिस्टरांनी. त्यांच्याकडेही समुपदेशक नाही. त्या म्हणाल्या, “रक्त घेताना मुलाशी एकट्याशी बोला, तेव्हा तो खाली बघत असतो, लाज कमी वाटते. सही वडिलांची लागणार, म्हणून वडिलांना वेगळं गाठा. दोघांना एकत्र बसवलंत तर दोघंही गप्प बसतील.” तसंच केलं. डॉक्टरांनी केमो दोन दिवस पुढे ढकलली. मंगळवारी नमुना दिला, बुधवारी पहिला डोस.

बैठकीची ही ‘एको’ पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सुरू केली. त्यांच्या हेपॅटायटिस सीच्या क्लिनिकमध्ये नंबर लागायला रुग्णांना आठ महिने थांबावं लागायचं, म्हणून त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांनाच दर आठवड्याला पडद्यावर जमवलं. थोडं व्याख्यान, मग कुणाची तरी खरी केस. शिकवणं सगळ्यांनीच आणि शिकणंही सगळ्यांनीच. माझ्यासाठी सगळी गोम त्या ‘सगळ्यांनी’मध्ये आहे. मोठ्या केंद्राला माझी अडचण कळत नव्हती, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरांना ती न सांगताच कळली.

मात्र केस घेऊन गेलात तरच. पहिले दोन महिने मी जिन्याखाली रेंज मिळते तिथे उभा राहून नुसता ऐकत होतो. त्याचा उपयोग यूट्यूबइतकाच झाला. आणि कागदावर वजन निवासीच्या प्रमाणपत्राचं जास्त, यात वाद नाही.

माझं मत म्हणाल तर, नोकरीला वर्ष झालं नसेल, एखादं पोर डोळ्यांसमोर गेलेलं पाहिलं नसेल, तर निवासीला जा. तो स्टूल आणि तो चहा पाहून या. ज्यांनी थोडीफार वर्षं काढली आहेत आणि जे आपल्या रुग्णालयात या कामाला एकटेच आहेत, त्यांनी बैठक घ्यावी असं मला वाटतं. तुमचा अनुभव वेगळाही असेल. मला पुन्हा एकच निवडायचं झालं, तर विचार करायला फार वेळ लागणार नाही.

कुठलंही घ्या, पण इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’सारख्या, लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या गटाशी ओळख करून ठेवा. आपण तासभर समजावतो ते बरा झालेला पंचविशीतला मुलगा दोन वाक्यांत सांगतो.

बैठक घेणार असाल तर वेळ आधी विचारा. दुपारी तीनची असेल, तर ओपीडीच्या बाईंना आत्तापासूनच चहा पाजायला लागा.